बोटीवरचं धुणं : सहा महिन्यांच्या नोंदी

२२ सप्टेंबर २०२४, रविवार. ग्रेट बेडविन

आईचा फोन. "घट बसायला अकरा दिवस राहिले. अंथरुणं-पांघरुणं धुऊन झाली का गं?"

वाईला या दिवसांत कृष्णेच्या घाटावर गोधड्यांचे ढीग लागायचे. एक टोक आजीकडे, दुसरं आईकडे, आणि दोघी उलट्या बाजूंनी पीळ घालत गोधडीचा दोरखंड करायच्या. मी राहते इंग्लंडमधल्या केनेट अँड एव्हन कालव्यावर, ५७ फूट लांब आणि ६ फूट १० इंच रुंद लोखंडी नॅरोबोटीत. पाणी अक्षरशः उशाशी आहे, पण त्यात धुता येत नाही. उंदरांच्या मुतातून पसरणारा जंतू असतो त्यात. त्याच्या गंभीर आजाराला इथे वाइल्स डिसीज म्हणतात. हा म्हणजे आपला लेप्टो, २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईत ज्याने माणसं नेली तोच.

म्हणून टाकीतलं पाणी. टाकी ४०० लिटरची, नाळेत, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकात. दोघांचा रोजचा खर्च ४०-४५ लिटर, धुणं सोडून. आमच्याकडे कायमचा धक्का नाही, त्यामुळे १९९५च्या कायद्याप्रमाणे एका जागी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. कुठे नळ जवळ, कुठे दोन तासांवर. आजवर धुणं ट्रॉलीत भरून गावातल्या नाण्यांच्या लाँड्रीत नेत आलो. धुऊन वाळवून दर खेपेला तेरा-चौदा पौंड, आणि रविवारची अर्धी सकाळ जाते ती वेगळीच.

तेव्हा आजपासून नोंदी. दोघांचं धुणं बोटीवरच करायचं. अंतिम परीक्षा गोधडी. बोटीवर दोन आहेत, एक आईच्या साड्यांची, एक आजीच्या लुगड्यांची.

२९ सप्टेंबर, रविवार. ग्रेट बेडविन

उत्साहात आईची गोधडी शॉवरच्या ट्रेमध्ये भिजत घातली. पायांनी तुडवली. मळ भरपूर निघाला, तिथवर झकास. पण भिजलेली गोधडी उचलता येईना. पिळायला नवऱ्याला एक टोक दिलं, तर बोटीत दोघं समोरासमोर उभे राहून पीळ घालू शकतील इतकी जागा फक्त लांबीला आहे आणि मध्ये स्टोव्ह. पिळून झाल्यावर ताणकाट्याला लटकवली : ६.१ किलो. कोरडी २.४ होती. म्हणजे पिळल्यावरही पावणेचार लिटर पाणी आत.

छपरावर टाकली. रात्री पाऊस.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घट बसले. गोधडी चार दिवस ओली, कुबट वास सुटला. शेवटी लाँड्रीत नेऊन गरम हवेच्या ड्रायरमध्ये टाकली. ड्रायरने वाळवली खरी, पण आठ-दहा ठिकाणी धावदोरा तुटला आणि आतली साडी गोळा होऊन एका कोपऱ्यात बसली. दोष माझाच, हाताचे टाके त्या ढोलात टाकायचे नसतात. आईला अजून सांगितलेलं नाही.

आजीची गोधडी या हिवाळ्यात धुवायची नाही. आधी पद्धत बसवायची.

५ ऑक्टोबर, शनिवार. क्रॉफ्टन

वॉशिंग मशीनचा हिशेब. बोटीत मावणारी छोटी मशीन मिळतात, कपाटात बसतात. पण बहुतेक मशीन थंड पाणी घेऊन स्वतः तापवतात. तापवायची कॉइल सुमारे २००० वॉट. आमच्या बॅटऱ्या १२ व्होल्टच्या. २००० भागिले १२ म्हणजे १६७ अँपिअर, इन्व्हर्टरची गळती धरून १८५च्या आसपास. बॅटऱ्या चार, प्रत्येकी ११० अँपिअर-तास. शिशाच्या असल्याने निम्म्याच वापरायच्या, म्हणजे हाताशी २२०. एका धुण्याला पाऊण-एक तास कॉइल चालू-बंद होत राहिली की रात्री दिव्यांचे आणि फ्रिजचे वांधे. इंजिन चालवून भरपाई करावी तर रात्री ८ ते सकाळी ८ थांबलेल्या बोटीचं इंजिन चालवायचं नाही हा नियम, आणि आम्ही दोघं घरी असतो ते नेमकं त्याच वेळात.

न तापवता थंड धुणं करणारं मशीन चालेल, पण त्यासाठी कपाट रिकामं करावं लागेल. त्या कपाटात सध्या डाळी-तांदूळ आहेत. मशीनचा विषय तूर्त बंद.

इथलं पंपिंग स्टेशन पाहून आलो. कालव्याच्या सगळ्यात उंच टप्प्याला पाणी पुरवायला बांधलेलं. १८१२ सालचं वाफेचं इंजिन मूळ जागी, अजून चालू स्थितीत. एका लॉकमधून, म्हणजे बोट वर-खाली करणाऱ्या दारांच्या हौदातून, बोट गेली की माझ्या हिशेबाने दोन लाखांवर लिटर पाणी खाली उतरतं. ते वर आणायची ही सगळी खटपट दोनशे वर्षांपूर्वीची. मी इथे खळबळायच्या वीस लिटरवरून नवऱ्याशी वाद घालते.

१९ ऑक्टोबर, शनिवार. प्यूझी

हाताने धुण्याची पहिली नीट चाचणी. कपडे कोरडे ३.१ किलो : दोन जीन्स, चार शर्ट, आतले कपडे, दोन टॉवेल.

साधन : काठीला लावलेली भोकांची प्लॅस्टिकची घंटा. टबात वर-खाली मारायची, ताक घुसळल्यासारखी. इंग्लंडमध्ये घरोघरी मशीन येण्याआधी याच जातीचं तांब्याचं साधन असायचं. मालवाहू बोटींवरची कुटुंबं जेमतेम दहा फुटी केबिनमध्ये पोराबाळांसह राहायची, आणि माल चढायची वाट बघत थांबली की बायका काठावर टब मांडून धुणं काढायच्या. त्यांना निदान काठ होता. आज टोपाथवर, म्हणजे घोडे बोटी ओढत चालायचे त्या वाटेवर, टब मांडला तर पहिला सायकलवाला त्यात पडेल.

गरम पाणी फुकट मिळालं. बोट चालली की इंजिन थंड करणारं पाणी ५५ लिटरच्या बंबाच्या नळीतून फिरतं. दीड तास चाललो, बंब चटका बसेल इतका तापला. पुढचा नियम सुचला : धुणं हलायच्या दिवशीच.

साबणाने मात्र दगा दिला. आईने दिलेली साबणाची वडी घासली तर फेस नाही, पाण्यावर दह्यासारखी साय. इथली जमीन खडूच्या दगडाची, पाणी जड. ज्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही त्याचं हे विलायती भावंड. वडी परत डब्यात. पातळ डिटर्जंट, तेही निम्मं. आमच्या मोरीचं आणि शॉवरचं पाणी कुठे साठत नाही, बोटीच्या पोटातल्या भोकातून थेट कालव्यात जातं. बहुतेक नॅरोबोटींचं असंच असतं. फॉस्फेटवर २०१३पासून मर्यादा आहे हे ठीक, तरी टोपण भरून ओतायचा हात आवरावाच लागतो. शेजारून बदक पोहत असतं.

पाणी : भिजवायला २०, धुवायला १५, तीनदा खळबळायला ४०. एकूण ७५ लिटर. जास्त आहे.

९ नोव्हेंबर, शनिवार. हनीस्ट्रीट

तीन आठवडे हाताने धुतोय. धुणं जमतं, वाळवणं अजिबात जमत नाही.

आज हिशेब केला आणि गप्प बसले. केबिन साधारण १२ मीटर लांब, १.८ रुंद, १.९ उंच, म्हणजे ४१ घनमीटर हवा. २० अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ राहते. म्हणजे पूर्ण कोरड्या हवेने सुरुवात केली तरी अख्ख्या बोटीत ७०० ग्रॅम वाफ मावेल. हाताने पिळलेल्या तीन किलो कपड्यांत तीन लिटर पाणी. उरलेलं कुठे जातं ते खिडक्यांच्या धातूच्या चौकटींवर बोट फिरवलं की कळतं. सकाळी नवऱ्याच्या उशीवर छताच्या खिळ्यातून थेंब पडत होते, आणि अंथरुणाखालची फळी उचलली तर बुरशीचे काळे ठिपके.

बाष्प शोषणारं यंत्र? २०० वॉट, सहा तास. वापरता येणाऱ्या विजेतली निम्मी तेवढ्यात खलास. छपरावरची वायुवीजनाची भोकं मात्र बंद करायची नाहीत. ऊब राहावी म्हणून हात शिवशिवतात, पण स्टोव्ह कोळशाचा आहे. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बोटीवर २०१९पासून सक्तीचा आहे तो उगाच नाही.

मी आत्तापर्यंत चुकीचा प्रश्न सोडवत होते. वीज आणि डोकं दोन्ही धुण्यावर खर्च केलं. सोडवायचं आहे ते पाणी कपड्यातून काढणं, तेही हवेत न सोडता.

२४ नोव्हेंबर, रविवार. ऑल कॅनिंग्जजवळ

बर्ट वादळाचा दुसरा दिवस. दोर दोनदा घट्ट केले. पाऊस आडवा.

काल या सगळ्यातही जाऊन जुनी फिरकी आणली. आपल्याकडे सेमी-ऑटोमॅटिकच्या पिळणाऱ्या डब्याला ड्रायर म्हणतात, तसाच एक सुटा उभा डबा : ३५० वॉट, मिनिटाला २८०० फेरे, खाली पाणी निघायची चोच. इथे ड्रायर म्हटलं की गरम हवेचा समजतात, म्हणून आमच्या घरात तिचं नाव फिरकी.

पहिली चाचणी फसली. इन्व्हर्टर जुना, त्याची वीज चौकोनी लहरीची. दिवे, चार्जर यांना चालते. मोटर मात्र भुंग्यासारखी गुंगत राहिली, वेग पकडेना, दोन मिनिटांत हात लावून पाहिलं तर गरम. बंद.

१ डिसेंबर, रविवार

शुद्ध साइन लहरीचा १००० वॉटचा इन्व्हर्टर बसवला. बॅटरीपासून एक मीटरच्या आत, जाड वायर, मध्ये फ्यूज. खर्च फिरकीच्या तिप्पट. नवऱ्याचं म्हणणं, एवढ्यात वर्षभर लाँड्रीत गेलो असतो. वर्षभर नाही, तीन महिने. मी मोजलंय.

फिरकी शॉवरच्या ट्रेमध्ये रबरी पायपोसावर. कपडे कडेने गोल रचायचे, मधोमध खळगा ठेवायचा. एक जीन्स एका बाजूला गोळा झाली की सगळी बोट थरथरते आणि फडताळातल्या ताटल्या बोलायला लागतात.

आकडे. कोरडे ३.० किलो. हाताने पिळून ६.२. चार मिनिटं फिरकीत फिरवून ४.३. चोचीतून पाणी येताना पाहिलं : आधी करंगळीएवढी धार, मग पेन्सिलीएवढी, मग थेंब, मग तुटक थेंब. बादली मोजली, दोन लिटरला थोडं कमी. हे पाणी हवेत गेलंच नाही. ३५० वॉट, चार मिनिटं म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून दोन-अडीच अँपिअर-तास. मोबाइल एक-दोनदा चार्ज करावा एवढी वीज. तेवढंच पाणी उष्णतेने उडवायचं तर सव्वा युनिटहून जास्त लागलं असतं, म्हणजे हाताशी असलेल्या विजेतली निम्मी.

मी दिवसभर खूश आहे.

१५ डिसेंबर, रविवार

एक नफा अपेक्षित नव्हता. धुतल्यावर खळबळण्याआधी एकदा फिरकी दिली, तर साबणाचं पाणी आधीच बाहेर. मग तीनऐवजी दोनदाच खळबळायचं, तेही कमी पाण्यात. एकूण ४६ लिटर. ऑक्टोबरात ७५ होतं. आणली पिळायला आणि वाचवलं टाकीतलं पाणी.

तोटाही आज कळला. शॉवरचा ट्रे कालव्याच्या पातळीखाली आहे, तिथलं पाणी आपोआप बाहेर जात नाही, पंपाने वर खेचून टाकावं लागतं. पंप सकाळी नुसता खोकत होता. चार स्क्रू काढले. झडपेत टॉवेलच्या तंतूंचा करडा बोळा, मधोमध माझे लांब केस, त्यात गुंतलेलं शर्टाचं एक पांढरं बटण. चिमट्याने सुतासुताने ओढून काढायला चाळीस मिनिटं. आता चोचीला जुन्या मोज्याचा पाय रबराने बांधलाय. दर धुण्याला मोजा उलटा करून झटकायचा.

१० जानेवारी २०२५, शुक्रवार. ऑल कॅनिंग्ज

कालवा गोठला. बर्फ फोडत बोट चालवली तर पोटाचा काळा रंग खरवडतो, म्हणून हलायचं नाही. पाण्याचा नळही गोठलेला. टाकीत ९० लिटर. धुणं बंद.

बुधवारचे फिरकीतले कपडे मात्र बाहेरच्या दोरीवर राहून गेले होते. सकाळी टॉवेल आपल्या पायांवर उभा राहत होता. नवऱ्याची जीन्स भिंतीला टेकवून ठेवली तर माणूस वाट बघतोय असं वाटे. सगळे पापड. पण उचलल्यावर हलके लागले, म्हणून ताणकाटा काढला : बुधवारी ४.२, आज ३.५. शून्याखालीही बर्फाची थेट वाफ होते, हवा कोरडी हवी आणि थोडा वारा. उरलेलं आत दांडीवर. स्टोव्हच्या वर छताला लागून एक लाकडी दांडी लावली आहे, काठीने कपडे टाकायचे, आजोळच्या माजघरातल्यासारखे. स्टोव्हपासून हातभर लांब, खाली काही लोंबता कामा नये. खिडकी बोटभर उघडी. रात्री नऊपर्यंत खणखणीत वाळले, काचा जवळजवळ स्वच्छ.

२ फेब्रुवारी, रविवार. हॉर्टन

नवऱ्याची लुंगी वाऱ्याने उडाली ती बोटीमागे पाण्यात, आणि तो तेव्हा बोट मागे घेत होता. इंजिन दबलं, काळा धूर, मग ठप्प. बोट ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्यात लुंगी गुंतली होती.

पंख्यावर बरोबर एक लोखंडी झाकण असतं. इंजिन बंद, किल्ली खिशात (ती मीच ठेवते), झाकणाचा मळसूत्री दांडा सोडवून हात कोपरापर्यंत पाण्यात. पाणी ४ अंश. लुंगी पंख्याच्या दांड्याभोवती इतकी आवळून बसली होती की टोकच सापडेना. ब्रेडच्या सुरीने कापत गेलो, पाच-पाच मिनिटांच्या पाळ्या लावून, कारण त्यापुढे बोटं आपली राहत नाहीत. निळ्या चौकड्यांचे अकरा तुकडे. तो म्हणतो, या लुंगीने पिळायची परीक्षा तरी फिरकीपेक्षा भारी दिली.

आता चिमट्यांशिवाय दोरीवर काही नाही, आणि बोट चालू असताना मागच्या बाजूला तर काहीच नाही.

एका खलाशी मित्राने मध्ये युक्ती सांगितली होती : झाकणाच्या पिंपात कपडे, पाणी, साबण घालून डेकवर बांधून ठेव, लाटांनी आपोआप धुतले जातात. करून पाहिलं. कालव्यावर ताशी ४ मैलांची कमाल मर्यादा, आम्ही तीननेच जातो. चार तासांनी पिंप उघडलं तर कपडे जसे रचले होते तशीच घडी.

१५ मार्च, शनिवार. डिव्हायझेसखाली

केन हिलचे लॉक उतरलो. एकूण २९, त्यातले १६ डोंगराच्या पायऱ्यांसारखे ओळीने. सहा तास लागले. दार लोटून लोटून पाठीचं भजं, पण इंजिन दिवसभर चालू, बंब कडक. संध्याकाळी चादरी काढल्या. दोन चादरी, चार अभ्रे, ५० लिटर, मळ काढून स्वच्छ. मोजा झटकला. याबद्दल आता लिहिण्यासारखं काही उरलं नाही, हे चांगलं लक्षण.

२९ मार्च, शनिवार. सीएंड

आजीची गोधडी.

या महिन्यात इतकं ऊन आहे की इथले लोकच एकमेकांना विचारताहेत. छपरावरचे ४०० वॉटचे सोलर दुपारपर्यंत बॅटऱ्या भरतात. डिसेंबरात हेच दिवसाला पाव युनिट देत होते.

आज नेमकं खंडग्रास ग्रहण. आईला विचारलं. "इथे दिसणार नाही, इथे पाळायचं नाही. तुझ्याकडे दिसतंय तर तू बघ बाई. आजी असती तर पाण्याला हात लावू दिला नसता." मी भिजत घातली. अकराच्या सुमारास सूर्याचा साधारण तिसरा भाग झाकला होता, आणि सोलरच्या डबीवरचा आकडा २६०वरून हळूहळू १८०पर्यंत उतरला, मग परत चढला. ऊन होतं तसंच दिसत होतं, फक्त थोडं जुन्या फोटोसारखं.

ग्रहण सुटेपर्यंत पाण्यातच राहू दिली. का ते विचारू नका.

मग पायांनी तुडवली, कोमट पाणी, चिमूटभर डिटर्जंट. पहिलं पाणी चहासारखं. उचलायची नाही हे सप्टेंबरात शिकले होते, ट्रेमधलं पाणी पंपाने आधी काढून टाकलं आणि गोधडी तिथेच दाबून निथळू दिली. मग लांबट घडी, तिची चुंबळ, आणि ती चुंबळ फिरकीत सपाट बसवली. वजन सगळीकडून सारखं. एकदम पूर्ण वेळ नाही : पंधरा सेकंद, थांब, हाताने सारखी कर, तीस सेकंद, थांब, मग दोन मिनिटं. बोट थरथरली नाही. ताटल्या गप्प. कोरडी २.६ होती, आता ३.९.

दोरी छपरावर लांबीने बांधलेली. पुढे फळी उभी केलेली, मागे बोट काठापासून ढकलायची बारा फुटी काठी. त्यावर गोधडी आडवी टाकली. आजीच्या लुगड्यांतलं एक हिरवं होतं, काठ जरा करवंदी, हे मला माहीतच नव्हतं. मला ते नेहमी काळपट वाटायचं.

साडेचारला हात आत घालून पाहिला. मधल्या थरातही कोरडी. २.५ किलो. शंभर ग्रॅम मळ होता असं नवरा म्हणतो, मी म्हणते ताणकाट्याची चूक.

३० मार्च, रविवार. सीएंड

पाडवा, आणि इथे नेमकी आजच घड्याळं एक तास पुढे, त्यामुळे सगळं उशिरा. गुढीला उंच काठी एकच, तीही दोरीची. दोरी सोडली. काठीला खण, तांब्या, गाठी. कडुलिंब नाही. कुत्र्याला फिरवणाऱ्या एका आजोबांनी थांबून विचारलं की हे वाळत घातलंय का.

आईला व्हिडिओवर आधी गुढी दाखवली, मग गोधडी. तिने कॅमेरा कडेकडेने फिरवायला लावला. "हं, तो कोपरा जवळ घे. हा टाका सुटलाय." माझ्या पोटात गोळा. "हा तुझ्या धुण्याने नाही. हा तेव्हापासून सुटलेलाच आहे, मीच घातला होता." मग म्हणाली, "आणि माझी कुठंय?"

सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग कुठल्या सुईने शिवायची ते सांगायला लागली.

सूर्यास्ताआधी गुढी उतरवली. काठी परत दोरीला. तीन टॉवेल आणि नवी लुंगी धुवायची आहे, टाकीत १४० लिटर.